येथे एक वाटी आहे

पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटतात :

‘तू जोतिबाच्या देवळाच्या आवारात उभा आहेस. येथे एक काठी आहे. येथे एक वाटी आहे. येथे एक नंदी बसला आहे.’

खेळणारा टाइप करतो, ‘वाटी घे’. उत्तर येते, ‘घेतली’. मग तो म्हणतो, ‘वाटीत पाणी भर’. उत्तर : ‘तसे करता येत नाही.’ कदाचित येथे पाणी नसेल, असे समजून तो पाणी शोधत डोंगरभर हिंडतो, पाण्यापाशी येऊन तीच आज्ञा देतो आणि तेच उत्तर मिळवतो. ‘काठी घे’ म्हणावे तर ‘ती उचलत नाही’. ‘नंदीला चारा घाल’ म्हणावे तर पुन्हा ‘तसे करता येत नाही’. दहा मिनिटांनी खेळणारा उठून जातो. जाताना तो मनाशी म्हणतो, आपल्याला यातले काही कळत नाही.

वास्तविक खेळ लिहिणाऱ्याने एकही वाक्य खोटे लिहिलेले नाही. कोल्हापूरच्या वायव्येला १५-२० किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. त्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. आवारात पडलेली वाटी ही खोबऱ्याची वाटी. काठी म्हणजे सासनकाठी. गावोगावचे मानकरी नाचवत आणतात ती, कित्येक पुरुष उंच, दोरांनी चहूबाजूंनी ताणून धरलेली. ती एकट्याने कशी उचलणार? आणि नंदी काळ्या दगडाचा. लिहिणाऱ्याने हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्याला ‘वाटी’ एवढे पुरले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली वाटी उभी राहिली.

हा खेळ आपण या लेखापुरता रचला आहे. पण अशा खेळांची जात जुनी असून तिच्यातल्या चुका खऱ्या आहेत. त्या समजून घेताना संगणक, विज्ञान आणि मराठी व्याकरण असे तीन तास एकाच टेबलावर भरतात. म्हणून शिक्षकांनी त्यांच्याकडे पाहावे असे वाटते.

गुहेचा नकाशा आणि वस्तूंची नोंदवही

या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’. विल क्राउथर या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रान भाषेत लिहिला. क्राउथरला गुहा धुंडाळण्याचा आणि त्यांचे नकाशे काढण्याचा नाद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहाचा एक भाग त्याने खेळात शब्दांनी उभा केला. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स याने त्यात भर घातली. आपण जोतिबाचा डोंगर घेतला तोही त्याच न्यायाने. पाहिलेली जागा वर्णनाला बरी पडते. मात्र पाहिलेल्या जागेचेच वर्णन अपुरे राहण्याचा धोकाही अधिक असतो.

खेळाची रचना साधी आहे. प्रत्येक वस्तूची एक नोंद असते. अ‍ॅडव्हेंचरमध्ये ती अशी : वस्तू खेळाडूच्या हाती असताना यादीत दाखवायचे छोटे नाव; ती जमिनीवर असताना दाखवायचे वाक्य; आणि एक अंक. हा अंक वस्तूची स्थिती सांगतो. दिव्याची स्थिती ० असेल तर येथे एक चकचकीत पितळी दिवा आहे असा संदेश येतो, १ असेल तर येथे एक दिवा उजळतो आहे असा. बाटलीला तीन वाक्ये आहेत : पाण्याने भरलेली, रिकामी आणि तेलाने भरलेली. संगणकाला दिवा, बाटली, पाणी यांतले काहीही कळत नाही. तो अंक पाहतो आणि त्या अंकापुढचे वाक्य छापतो. खेळाचे सारे जग म्हणजे हे अंक, आणि खेळाडूला दिसते ती फक्त वाक्ये. दोहोंची फारकत झाली की दिशाभूल सुरू होते.

आपल्या खेळात नारळ ठेवू. स्थिती ० म्हणजे अखंड, १ म्हणजे फुटलेला. खेळाडू ‘नारळ फोड’ म्हणतो, अंक १ होतो, ‘नारळ फुटला, पाणी सांडले’ असा संदेश येतो. छान. पण लिहिणाऱ्याने जमिनीवरच्या वर्णनासाठी दोन वाक्ये लिहिली आणि हातातल्या यादीसाठी एकच नाव ठेवले : ‘शेंडीचा नारळ’. आता फुटलेला नारळ उचलून खेळाडूने यादी मागितली की पडद्यावर पुन्हा शेंडीसकट अखंड नारळ! तो पुन्हा फोडायला जातो आणि ‘नारळ आधीच फुटला आहे’ असे उत्तर ऐकतो. नवशिक्यांच्या खेळांत ही चूक फार आढळते. कारण वस्तूचे वर्णन एका ठिकाणी लिहिले असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात ते तीन-चार ठिकाणी विखुरलेले असते : जागेच्या वर्णनात, वस्तूच्या वाक्यात, यादीत आणि ‘नीट पाहा’ या आज्ञेच्या उत्तरात. त्यातला एक धागा सुटला की पुरे.

जाता जाता : आपल्याकडे देवापुढे नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’. कोल्हापूरकडचा खेळाडू ‘नारळ वाढव’ असेच लिहिणार. ‘वाढव’ला ‘फोड’चा समानार्थी शब्द म्हणून नोंदवले नसेल, तर अगदी बरोबर मराठी लिहिणाऱ्याला खेळ अडाणी ठरवील.

‘नाही’चे प्रकार किती?

‘तसे करता येत नाही’ हा संदेश लिहायला सोपा आणि वाचणाऱ्याला सर्वांत महाग. त्यात निदान चार वेगळी कारणे लपलेली असतात. शब्दच माहीत नाही. शब्द माहीत आहे पण वस्तू येथे नाही. वस्तू आहे पण तिच्या बाबतीत ही क्रिया संभवत नाही. क्रिया संभवते पण या क्षणी एखादी अट पुरी झालेली नाही. खेळाडूने पुढे काय करावे ते या चारांपैकी कोणते कारण आहे यावर अवलंबून असते. पहिल्यात त्याने दुसरा शब्द वापरावा, दुसऱ्यात दुसरीकडे जावे, तिसऱ्यात नाद सोडावा, चौथ्यात अट शोधावी. चारींना एकच उत्तर देणे म्हणजे ताप, खोकला, मोडलेले हाड आणि भूक या चारींवर एकच पुडी बांधून देणे.

झॉर्क हा खेळ १९७७ ते १९७९ या काळात एम.आय.टी.मध्ये टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी लिहिला. पुढे इन्फोकॉम कंपनीने तो घरगुती संगणकांवर आणला. इन्फोकॉमच्या खेळांनी निदान पहिली दोन कारणे वेगळी केली : हा शब्द मला माहीत नाही, असे एक उत्तर आणि येथे तशी वस्तू दिसत नाही, असे दुसरे. एवढ्यानेही खेळाडूचा पुष्कळ वेळ वाचला.

मराठीत हा भेद आणखी नाजूक आहे. ‘खोबऱ्याची वाटी’ यातला ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतल्या संकेतांकांची जुळणी होत नाही. खेळाडू समोर दिसणारा शब्द हुबेहूब टाइप करतो आणि खेळ म्हणतो, ‘अशी वस्तू येथे नाही’. वस्तू तर वरच्याच ओळीत लिहिलेली! अशा वेळी खेळाडूला वाटते की वस्तू कोणी पळवली. येथे खरे कारण पहिले होते, संदेश मात्र दुसऱ्याचा दिला गेला. उपाय असा की तुलना करण्याआधी दोन्ही शब्द एकाच ठरीव रूपात आणावेत, आणि तरीही जुळले नाहीत तर ‘हा शब्द मला ओळखता आला नाही’ असे प्रामाणिकपणे सांगावे.

‘देवळात जा’ ही आज्ञा घ्या. जोतिबाच्या आवारात मुख्य देवळाखेरीज केदारेश्वराचे आणि रामलिंगाचे अशी देवळे शेजारी शेजारी आहेत. मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये नव्याने बांधले, केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये. खेळाने मनानेच एक देऊळ निवडले तर खेळाडूला आपण कोठे आलो ते कळणार नाही. ‘तेथे जाता येत नाही’ म्हटले तर ते खोटे. ‘कोणत्या देवळात? केदारलिंगाच्या, केदारेश्वराच्या की रामलिंगाच्या?’ असे उलट विचारणे हाच सरळ मार्ग.

आता चौथे कारण. अ‍ॅडव्हेंचरमध्ये एक पक्षी आहे. त्याला पिंजऱ्यात पकडायचे असते. पण त्याच वाटेवर, त्याच्या आधीच्याच खोल्यांत एक काळी छडी पडलेली असते आणि बहुतेक खेळाडू ती उचलून पुढे येतात. छडी हाती असताना पक्षी पकडू गेले तर संदेश येतो, त्याचा आशय असा : तू आत आलास तेव्हा पक्षी निर्धास्त होता, पण जवळ जाताच तो बिथरतो आणि हाती लागत नाही. छडीचा उल्लेख नाही. पक्षी छडीला भितो हे खेळाडूने ओळखायचे. पुष्कळ खेळाडू येथे अडकले. माझ्या मते हा संदेश सीमारेषेवरचा आहे. ‘आधी निर्धास्त होता’ या शब्दांत एक धागा आहे : तुझ्याजवळ जाण्यात काहीतरी बदलले. पण ‘तू’ आणि ‘तुझ्या हातातले’ यांत फरक करायला वाचकाला काहीच आधार नाही. ‘तुझ्या हातांकडे पाहून तो बिथरतो’ असे म्हटले असते तर कोडे कोडेच राहिले असते आणि न्याय्यही झाले असते.

लिंग, वचन आणि सामान्यरूप

इंग्रजी खेळ लिहिणाऱ्याचे एक सुख आपल्याला नाही. तो एकच साचा तयार करतो, रिकाम्या जागी वस्तूचे नाव घालतो, की झाले वाक्य. आपण ‘येथे एक ___ पडला आहे’ असा साचा केला तर नारळ ठीक बसतो. पण ‘वाटी पडला आहे’ आणि ‘खोबरे पडला आहे’ असे अवतरते. म्हणून वस्तूच्या नोंदीत नावाबरोबर लिंग आणि वचनही हवे. तेवढ्यानेही भागत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागताना नाम बदलते : दवणा, पण दवण्याला; खोबरे, पण खोबऱ्याला; घंटा, पण घंटेला; पाणी, पण पाण्यात. म्हणजे सामान्यरूपही नोंदवायला हवे, नाहीतर ‘दवणाला पाणी घातले’ असे वाक्य निघेल आणि खेळाडू ‘घंटेला हात लाव’ म्हणेल तेव्हा खेळाला ‘घंटे’ या नावाची वस्तू सापडणार नाही.

आणखी एक गंमत. लेखाच्या पहिल्याच संदेशात ‘तू उभा आहेस’ असे आहे. खेळणारी मुलगी असली तर? इंग्रजीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. मराठीत ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’ हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मात्र ‘तू नारळ उचललास, वाटी उचललीस, खोबरे उचललेस’ या वाक्यांत खेळणारा मुलगा की मुलगी याने काही फरक पडत नाही, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतला हा भेद नववीच्या मुलांना पाठ असतो, पण तो कशासाठी लागतो ते क्वचितच दिसते. येथे तो लागतो : कर्मणी वाक्य बेधडक वापरावे; कर्तरी वाक्य आले की एकतर खेळाच्या आरंभी विचारून घ्यावे, नाहीतर ‘आता तुझ्यासमोर दीपमाळ आहे’ अशी कर्ता टाळणारी रचना करावी. आदरार्थी ‘तुम्ही गेलात’ हाही एक मार्ग आहे. मुलामुलींच्या खेळात तो जरा अवघडलेला वाटतो, एवढेच.

कोडे आणि फसवणूक

कोणी म्हणेल, सगळे उघड सांगितले तर खेळ कसला? आक्षेप रास्त आहे. १९८७ पासून चालत आलेला नेटहॅक हा खेळ तर अपुऱ्या वर्णनांवरच उभा आहे. त्यात ‘करडा दगड’ एवढेच वर्णन असलेला दगड चार प्रकारचा असू शकतो. त्यातला एक भाग्यदायी, एक कसोटीचा, एक गारगोटीचा, आणि एक अतिशय जड, जो उचलला की बहुधा टाकताच येत नाही. ‘पांढरे रत्न’ हिराही असेल किंवा काचेचा कवडीमोल तुकडाही. तरी या वर्णनांना कोणी फसवी म्हणत नाही. का?

कारण वर्णन आहे तेवढेच सांगते, जास्तीचे काही सुचवत नाही. आणि खरे काय ते शोधण्याची वाट खेळात ठेवलेली आहे. करड्या दगडाला आधी लाथ मारून पाहावी. घरंगळला तर तो जड दगड नव्हे. रत्नांसाठी कसोटीचा दगड आहे. विज्ञानात आपण हेच करतो. पांढरी पूड मीठ की साखर की चुना, हे रंगावरून ठरत नाही. विद्राव्यता, चटका दिल्यावर होणारा बदल, लिटमसवरचा परिणाम यांवरून ठरते. (चव घेऊन नव्हे, हे प्रयोगशाळेत बजावून सांगावे.) कोल्हापूरच्या गुजरीत सराफ सोने काळ्या कसोटीवर घासून त्याचा कस पाहतात, पिवळेपणा हे वर्णन झाले, कस ही परीक्षा. ‘पांढरी पूड’ ही चिठ्ठी अपुरी पण खरी आहे. चुन्याच्या बाटलीवर ‘मीठ’ लिहिणे हा खोटेपणा. आणि आपली ‘वाटी’ या दोहोंच्या मधली : शब्द खरा, पण त्यातून बहुतेकांच्या मनात उमटणारी वस्तू चुकीची, आणि ती दुरुस्त करण्याची वाट नाही. ‘वाटी नीट पाहा’ या आज्ञेला ‘विशेष काही दिसत नाही’ असे उत्तर येत असेल तर ती वाट लिहिणाऱ्यानेच बुजवली म्हणायची.

मालफंक्शन ५४

खेळातल्या चुकीने फार तर एक संध्याकाळ वाया जाते. तोच प्रकार खेळाबाहेर झाला तर काय होते, याचे एक उदाहरण सांगणे आवश्यक आहे. थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र संगणकाच्या साहाय्याने चालत असे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून ठरल्यापेक्षा कितीतरी पट अधिक मात्रा मिळाली. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरे आली. यंत्राबरोबरच्या कागदपत्रांत या आकड्याचा अर्थ जेमतेम दोन-तीन शब्दांत, ‘मात्रा, आदान २’ अशा थाटात दिलेला होता. त्याचा खुलासा असा निघाला की मात्रा एकतर फार कमी किंवा फार जास्त गेली! शिवाय पडद्यावरचा मात्रेचा आकडा प्रत्यक्षाहून फार कमी दाखवत होता. किरकोळ अडथळ्यांचे असे संदेश रोजच येत, आणि एक कळ दाबली की काम पुढे चालू होई. तीच कळ दाबली गेली. रुग्णाला दुसऱ्यांदा मारा बसला. एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी, त्याच संदेशासह आणखी एका रुग्णाला असाच मारा बसला. दोघेही दगावले.

मूळ दोष संदेशात नव्हता. आज्ञा वेगाने दुरुस्त केल्या की प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांशी विसंगत होत, हा दोष होता. आणि जुन्या यंत्रांत असलेली स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा या यंत्रातून काढून टाकलेली होती. पण संदेशाने तो दोष झाकला. अंकांचे जग एक, वाक्यांचे जग दुसरे : आपल्या फुटलेल्या नारळाचीच गोष्ट. तेथील रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी तंत्रज्ञासोबत पुन्हा पुन्हा तीच टंकने करून ‘मालफंक्शन ५४’ हवे तेव्हा आणता येते हे दाखवले, तेव्हा कोठे कारण हाती लागले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सर्व घटनांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

वर्गात, संगणकाशिवाय

हा खेळ वर्गात कागदावर खेळता येतो, आणि आमच्या मते आधी तसाच खेळावा. पोस्टकार्डाएवढी कार्डे घ्यावीत. प्रत्येक जागेला एक कार्ड, प्रत्येक वस्तूला एक कार्ड. वस्तूच्या कार्डावर नाव, लिंग, सामान्यरूप, प्रत्येक स्थितीचे वाक्य, यादीतले नाव आणि ‘नीट पाहा’चे उत्तर. एक विद्यार्थी यंत्र होतो, एक खेळाडू, तिसरा नोंद ठेवतो. नियम एकच, पण कडक : यंत्राने कार्डावर लिहिले आहे तेवढेच वाचायचे. हसायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, ‘अरे, म्हणजे खोबऱ्याची वाटी’ असे समजावून सांगायचे नाही. तिसऱ्याने खेळाडू कोठे थांबला, काय समजला आणि खरे काय होते, हे तीन रकान्यांत लिहायचे.

खेळाडू निवडताना थोडी काळजी घ्यावी. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या मुलांना ‘वाटी’ आणि ‘काठी’ यांत काहीच खटकणार नाही. यात्रेचा शब्द निघताच त्यांना खोबरे आणि सासनकाठी दिसते. बदली होऊन आलेल्या कुटुंबातला, डोंगर न पाहिलेला विद्यार्थी येथे खरा उपयोगी. त्याचे अडखळणे हेच मोजमाप. कार्ड लिहिणाऱ्यांना मात्र या वेळी ‘त्याला कळत नाही’ असे म्हणण्याची मनाई असावी.

मग कार्डे दुरुस्त करावीत. आपली वाटी अशी होईल : ‘येथे खोबऱ्याची अर्धी वाटी पडली आहे. तिला गुलाल लागला आहे.’ पाणी भरू पाहणाऱ्याला उत्तर : ‘वाटी खोबऱ्याची आहे, पाण्यासाठी दुसरे भांडे शोध.’ काठीचे : ‘येथे एक सासनकाठी उभी आहे. तिचे टोक पाहायला मान वर करावी लागते.’ उचलू पाहणाऱ्याला : ‘ती एकट्याला पेलणार नाही. दोर धरायला माणसे हवीत.’ हे उत्तर नकारच देते, पण पुढची वाटही दाखवते. माणसे जमवणे हा खेळाचा पुढचा भाग होऊ शकतो. नंदीला एक विशेषण पुरे : ‘काळ्या दगडाचा’.

दवण्याचे कार्ड मात्र जरा त्रास देईल. ‘येथे दवणा आहे’ असे लिहिले तर बाहेरगावचा मुलगा विचारेल, दवणा म्हणजे काय? ‘दवणा नावाच्या सुगंधी वनस्पतीची जुडी’ असे लिहिले की तो लगेच म्हणेल, ‘दवणा हुंग’. आणि आपल्या क्रियांच्या यादीत ‘हुंग’ नसेल. ती घालावी लागेल, आणि एकदा घातली की गुलाल, खोबरे, नारळ, दगडाचा नंदी या प्रत्येक कार्डावर आणखी एक ओळ लिहावी लागेल.